जरा हात लावा

दुकानातल्या माणसाने केनेल्वेला आधी प्लॅस्टिकची पेटी दाखवली, आणि तिथेच तिचं डोकं फिरलं.

"ही बघा ताई, हलकी आहे, पाणी आत जात नाही, पिकअपच्या हौद्यात कुठेही ठेवा."

"हलकी कुणासाठी? चोरासाठी?"

तो हसला. ती हसली नाही. तिने झाकणाचा एक कोपरा दोन्ही हातांनी धरून पिळला. झाकण पुठ्ठ्यासारखं वाकलं आणि मूठ आत जाईल एवढी फट पडली. कुलूप आपलं जागच्या जागी इमानदारीत लटकत होतं.

मग त्याने चेकर पत्र्याची चकचकीत पेटी पुढे ओढली. केबिनच्या पाठीला, हौद्यात आडवी बसवायची. सगळे हीच नेतात, असं तो म्हणाला. केनेल्वेने खाली वाकून पाहिलं. हौद्याच्या काठाला अडकवायचे आकडे, त्यांना नट, आणि सगळे नट बाहेरच्या बाजूला.

"हे कशाने सुटतात?"

"साध्या पान्याने, ताई. काढाय-घालायला सोपं."

"मग पानाही मीच वर ठेवून देऊ का? त्याला घरून आणायचा त्रास नको."

त्याने कुलूप दाखवायला किल्ली हातात दिली. तिने ती शेजारच्या पेटीला लावून पाहिली. उघडली. पलीकडच्या पेटीला लावली. तीही उघडली. दुकानातली बाकीची गिऱ्हाइकं आता वळून बघायला लागली होती.

"सगळ्यांना एकच किल्ली?"

"हरवली तर दुसरी मिळायला सोपं जातं," तो म्हणाला, पण आवाज जरा खाली आला होता.

"तुमच्याकडे सगळंच सोपं आहे हो," असं म्हणून तिने किल्ली त्याच्या हातावर आपटली आणि ती बाहेर पडली. मोलेपोलोले गावात चांगलं म्हणावं असं दुसरं दुकान नव्हतं. तिने गाडी सरळ पिट्से वेल्डरच्या अंगणाकडे वळवली, आणि सगळ्या वाटेने ती त्या किल्लीला, त्या दुकानाला आणि स्वतःला शिव्या घालत होती.

स्वतःला जास्त. कारण जुनी पेटी तिने आपल्या हाताने बसवली होती.

केनेल्वे बोअरवेलचे पंप दुरुस्त करायची. रानातल्या गुरांच्या तळावर पंप बंद पडला की गाई कोरड्या टाकीला तोंड लावून हंबरत उभ्या राहतात, मालक फोनवर रडकुंडीला येतो, आणि मग केनेल्वे वाळूतून पिकअप हाणत निघते. पाइप पाने, चेनपुली, क्लॅम्प, गोटी पान्यांचा सेट, सगळं हौद्यातल्या एका लोखंडी पेटीत. पेटीला कुलूप भारी होतं. पण पेटी हौद्याला बसवली होती ती हाताने फिरवायच्या पंखवाल्या नटांनी. कुठल्याही शहाण्या माणसाने असलं काही केलं नसतं. आमच्या भागात मात्र पिकअपवाले सगळे तसंच करतात, कारण गाडीच्या कागदावर नाव तुमचं असलं तरी वस्तीत कुणी मेलं की हौदा वस्तीचा. रानातून गाय आणायची, तंबू आणायचा, खुर्च्या, तीन पायांची मोठी भांडी, सरपण, आणि मेलेल्या माणसाला शनिवारी पहाटे दफनाला न्यायचं. हौदा मोकळा हवा. नट फिरवा, पेटी उतरवा, चला.

म्हातारी म्मासेलो गेली तेव्हा केनेल्वेने शुक्रवारी तेच केलं. पेटी चार जणांच्या मदतीने उतरवून म्हातारीच्या अंगणातल्या झाडाखाली ठेवली आणि ती गाय आणायला गेली. परत आली तेव्हा हौद्यात गाय होती आणि झाडाखाली पेटीचा फक्त चौकोनी ठसा होता.

निळ्या डगल्यातली दोन माणसं पांढऱ्या पिकअपमधून आली होती म्हणे. टोप्या काढल्या, सगळ्यांना "दुमेलांग" म्हणत नमस्कार केला, घरच्यांपाशी मान खाली घालून बसली, आणि जाताना पेटी घेऊन गेली. कशी उचलली, कुणी पाहिलं, कुणाला काही माहीत नव्हतं. अंगणभर माणसं, आणि सगळ्यांचे डोळे नेमके तेव्हा चुलीत गेलेले. दोन इसमांनी उचलून नेली, असं पोलिसांनी लिहून घेतलं. उतरवायला चार जण लागलेली पेटी दोघांनी चढवली कशी, हे त्या वेळी केनेल्वेच्या डोक्यात आलं नाही. रागात माणसाला साधा हिशेब सुचत नाही.

नवी हत्यारं घ्यायला तिने गाई विकल्या. आईने मरताना दिलेल्या दोन गाई, मागच्या पिढीपासून चालत आलेल्या वंशातल्या, तांबड्या, पांढऱ्या पोटाच्या. त्यांचे पैसे हत्यारांत गेले आणि ती हत्यारं सध्या तिच्या पलंगाखाली होती. जुन्यातलं एकच उरलं होतं, खिशात राहून गेलेला मापाचा टेप. पुन्हा चोरी झाली तर विकायला काही नव्हतं. हे तिला झोपेतसुद्धा आठवायचं.

पिट्से अंगणात एक फाटक जोडत बसला होता. पोट पुढे, चष्मा कपाळावर, कान एक आणि तोंड दोन असल्यासारखा माणूस. तिने गाडी त्याच्यापुढे आणून थांबवली.

"अख्खा हौदा बंद कर," ती म्हणाली. "जाड पत्रा. केबिनपासून फाळक्यापर्यंत, आणि केबिनएवढा उंच. खाली हौद्याला वेल्डिंग. बिजागऱ्या आतून. कुलूप लोखंडाच्या खोबणीत बसलं पाहिजे, वरून करवत चालली नाही पाहिजे."

पिट्सेने हौद्याभोवती एक फेरी मारली. "होईल. पण मग ही पिकअप राहणार नाही, केनेल्वे. कपाट होईल चाकांवरचं."

"होऊ दे."

"गाय कुठे बसणार?"

"माझ्या मांडीवर. तुला काय करायचंय?"

"तसं नाही. उद्या वस्तीत कुणी गेलं..."

"गेलेल्याला कसली घाई असते? दुसरी गाडी बघा म्हणावं. मी काय वस्तीचं गाढव आहे? माझी पेटी गेली तेव्हा वस्ती कुठे होती? अंगणात होती! चहा पीत होती! दोन भामटे येतात, माझी भाकरी उचलून नेतात, आणि एक माणूस विचारत नाही की बाबांनो, कोण तुम्ही?"

"विचारणार कसं?" पिट्से वैतागून म्हणाला. त्यालाही राग येत होता आता. "मयताच्या घरात कुणी म्हणालं, जरा हात लावा, तर माणूस आधी हात लावतो. तू पण लावला असतास. काय वजन होतं त्या पेटीचं, माझी कंबर अजून..."

तो थांबला.

केनेल्वे त्याच्याकडे बघत राहिली. पिट्सेने चष्मा डोळ्यांवर ओढला, जणू त्याआड लपता येईल.

"तू उचललीस," ती म्हणाली.

"मी एकटा नव्हतो."

"तू माझी पेटी उचलून चोरांच्या गाडीत ठेवलीस. आणि आज मला नवी पेटी विकतोयस."

"अगं, आम्हाला वाटलं तंबूवाले आहेत, जागा करतायत! सहा-सात जण होतो. हाक मारली म्हणून आलो. मी तर चुलीजवळ होतो, मला काय ठाऊक."

"हाक कुणी मारली?"

पिट्से जमिनीकडे बघू लागला. "तुझ्या मामाने," तो शेवटी म्हणाला. "ते दोघं पेटी नुसतीच मागे ढकलून निघाले होते. तिरेलो मामा त्यांच्यावर ओरडला, असं नेतात का, रस्त्यात पडेल. मग त्याने आपला दोर दिला. गाठ पण त्यानेच मारली."

असं आहे की चोराचा राग एका जागी राहतो. चोर परका, त्याला शिव्या दिल्या की झालं. पण आपल्या माणसाने गाठ मारून दिली म्हटल्यावर तो राग अंगभर पसरतो. केनेल्वे गाडीत बसली आणि तिने दार असं ओढलं की आरसा हलला.

तिरेलो मामा म्हणजे तिच्या आईचा मोठा भाऊ. वडील लवकर गेल्यावर घरात त्याचाच शब्द चालायचा. तिच्या लग्नाची बोलणी त्याने केली, ते लग्न मोडलं तेव्हा नवऱ्याच्या घरातून तिच्या सामानासकट तिला त्याने आणलं, आणि बाई माणूस पंप दुरुस्त करते म्हणून वस्तीच्या बैठकीत लोक हसले तेव्हा काठी आपटून तोच म्हणाला होता, तुमच्या गाईंना विचारा कुणाच्या हातचं पाणी पितात ते. त्याच्याशी ती कधी आवाज चढवून बोलली नव्हती.

मामा घरापुढे सावलीत खुर्ची टाकून बसला होता. अंगात उन्हातही कोट.

"मामा, माझ्या पेटीला गाठ तुम्ही मारलीत?"

मामाने तिच्याकडे पाहिलं, मग फाटकाकडे, मग पुन्हा तिच्याकडे. "बस आधी."

"बसायचं नाही मला. मारली का नाही?"

"मारली," मामा म्हणाला. "माझा दोर पण गेला त्यात. चामड्याचा, बापाच्या वेळचा."

"तुमचा दोर गेला?" तिचा आवाज असा फुटला की शेजारच्या कोंबड्या पळाल्या. "दोर? माझी हत्यारं गेली मामा! माझं काम गेलं! मी पोलिसांपुढे उभी राहून वेड्यासारखी सांगत होते, दोघं होते, दोघं होते, आणि तुम्ही माझ्या शेजारी उभे! मान हलवत! आईच्या गाई विकल्या मी!"

मामा खुर्चीतून अर्धा उठला. "कुठल्या गाई?"

"दोन्ही."

"मला न विचारता?"

"तुम्हाला विचारलं असतं तर तुम्ही बैठक बसवली असती. महिनाभर सगळे म्हातारे तंबाखू मळत बोलले असते, आणि तोपर्यंत मी हाताने पाणी उपसलं असतं!"

"त्या माझ्या बहिणीच्या गाई होत्या!"

"आणि पेटी तिच्या मुलीची होती!"

मामाला खोकला आला. तो बराच वेळ खोकला, आणि खोकून झाल्यावर रुमाल बघून घाईने खिशात घातला. केनेल्वेने तो पाहिला. पण राग अजून उतरला नव्हता, उतरवायची तिची तयारीही नव्हती.

"सांगितलं का नाहीत?" ती म्हणाली. "चूक झाली, कुणाचीही होते. वस्तीने हात लावला, तुम्ही लावला. पण नंतर? मला रोज भेटत होतात. गप्प का बसलात?"

"सांगितलं असतं तर तू गाडी देणं बंद केलं असतंस."

"केलंच असतं! आजच पिट्सेला सांगून आले, अख्खा हौदा बंद कर म्हणून."

मामाच्या चेहऱ्यावर असं काही आलं की ती पुढचं वाक्य विसरली. भीती होती ती. म्हातारा घाबरला होता.

"सगळा?" त्याने विचारलं.

"सगळा. का? कुणाची गाय आणायचीय?"

मामा परत खुर्चीत बसला. काठीचं टोक वाळूत फिरवत राहिला. "म्मासेलो गेली त्याच्या आधीच्या आठवड्यात मी गाबोरोनीला गेलो होतो ना, मोठ्या दवाखान्यात. छातीतलं आता बरं होणारं नाही म्हणाले. डॉक्टर पोरगेलासा होता, चांगला बोलला. पावसापर्यंत धरून चाला म्हणाला."

केनेल्वे उभीच होती.

"शाळेतल्या मास्तरांचं मयत आठवतं तुला?" मामा म्हणाला. "ती काळी गाडी आणली होती मुलांनी, काचांना पडदे. दफनभूमीच्या वाटेत वाळूत रुतली. ट्रॅक्टरने ओढली. मागचं दार उघडलं आणि मास्तर अर्धे बाहेर. लोक शालीत तोंड घालून हसत होते. मी पण हसलो. तुझ्या आईला मात्र तू नेलंस. एक हिसका बसला नाही. मी मागे धरून बसलो होतो, मला माहीत आहे. तेव्हाच ठरवलं होतं, आपणही याच हौद्यातून जायचं. म्मासेलोच्या अंगणात बसून मी तोच विचार करत होतो. ते दोघं म्हणाले हात लावा, मी म्हणालो चला, उद्या माझ्यासाठी पण कुणीतरी लावणार आहे. चेहरे बघितलेच नाहीत मी त्यांचे."

"म्हणून गप्प बसलात. स्वतःची जागा राहावी म्हणून."

"हो," मामा म्हणाला. त्याने सारवासारव केली नाही.

केनेल्वेला वाटलं, या माणसाला धरून गदागदा हलवावं. वाटलं, याच्या पायाशी बसून रडावं. दोन्ही एकदम वाटलं आणि त्यामुळे राग आणखी वाढला. मरायला टेकलेला माणूस भांडायलासुद्धा नीट देत नाही, हा कसला अन्याय!

"उठा," ती म्हणाली.

"कुठे?"

"गाडीत चढा. मागे, हौद्यात."

"पोरी, अजून मेलो नाही मी."

"चढा म्हणते ना!"

तिने फाळका धाडकन खाली पाडला. मामा काठी टेकत आला, फाळक्यावर बसला, आणि सरकत सरकत मागे गेला. "आता आडवे व्हा. डोकं केबिनकडे." मामा आडवा झाला. टोपी त्याने काढून छातीवर ठेवली. वर आभाळ कोरडं ठणठणीत होतं.

केनेल्वेने खिशातून टेप काढला. जुन्या हत्यारांतलं उरलेलं ते एकच. आधी तिने मामाला डोक्यापासून टाचेपर्यंत मापलं, मग खांदे. "श्वास सोडा. फुगू नका." मग चाकांवरच्या दोन्ही उंचवट्यांच्या मधे किती जागा उरते ते मापलं, आणि ओठांतल्या ओठांत पुटपुटत राहिली. हौद्याच्या दोन्ही कडांना, उंचवट्यांच्या वरून, दोन लांब अरुंद पेट्या. बोल्ट खाली चासीपर्यंत, आणि नट पेटीच्या आत. पेटी उघडल्याशिवाय नट मिळणार नाही, आणि नट सोडल्याशिवाय पेटी हलणार नाही. पाने डावीकडे, चेनपुली उजवीकडे. मधे एक गल्ली.

"शवपेटी माणसापेक्षा रुंद असते," मामा पडल्या पडल्या म्हणाला.

"माहीत आहे. दोन्हीकडे दोन-दोन मुठी सोडल्यात."

"मला पितळी कड्यांची हवी होती."

"दुमडणाऱ्या घ्या. नाहीतर पत्र्याला घासतील."

मामाने मान वळवून दोन्हीकडे पाहिलं. "गाय कुठे बसेल मग?"

"गाय चालत येईल."

"आणि खुर्च्या? तंबू?"

"ज्यांना बसायचंय त्यांनी डोक्यावर घेऊन यावं. बैठकीत सांगून टाका सगळ्यांना, या गाडीत मेल्याशिवाय कुणी चढायचं नाही. आणि पेट्या आता कुणासाठीही निघणार नाहीत. तुमच्यासाठीसुद्धा नाही. तुम्ही मधून जायचं, हत्यारांच्या मधून. आवडलं तर बघा."

"आवडलं," मामा म्हणाला. मग त्याने कोपर टेकून उठायचा प्रयत्न केला. जमलं नाही. पुन्हा केला. मग एक हात वर केला. "जरा हात लाव गं."

ते शब्द ऐकले आणि केनेल्वेचं रक्त पुन्हा उकळलं. याच शब्दांवर अख्खी वस्ती धावली होती. ती टेप गुंडाळत तशीच उभी राहिली.

"आधी नावं सांगा. पेटी उचलणाऱ्यांची. सगळ्यांची."

मामाने हात वर धरूनच नावं सांगितली. पिट्से, पिट्सेचा भाऊ, चर्चमध्ये घंटा वाजवणारा, दोन चुलत भाऊ, म्मासेलोचा जावई.

"नव्या पेट्या जाड पत्र्याच्या आहेत, जड होणार. झाल्या की या सगळ्यांनी पिट्सेच्या अंगणात यायचं आणि माझ्या गाडीत चढवायच्या. जेवण मिळणार नाही. चहासुद्धा नाही. चोरांना फुकट हात लावला, मला पण फुकट लावा."

"येतील. मी सांगतो."

"तुम्ही पण यायचं. गाठ मारायला."

"दोर नाही माझ्याकडे," मामा म्हणाला.

"आणीन मी."

मग ती हौद्यावर चढली, मामाच्या दोन्ही बाजूंना पाय रोवून उभी राहिली, आणि त्याला उठवायला तिने सगळा जोर लावला, जसा ती पाइप वर ओढताना लावायची. तेवढा जोर लागलाच नाही. मामा एका हाताने, कोटासकट, सहज वर आला.